न विचारायचा प्रश्न

चिंचणीला आमच्या आळीत समुद्रावर निघालेल्या माणसाला दोन प्रश्न विचारायचे नसत. कुठे चाललास, आणि कधी येणार. कुठे चाललाय ते सगळ्यांना दिसतच असे आणि कधी येणार ते त्यालाही ठाऊक नसे, तेव्हा विचारण्यात शहाणपण नव्हतंच. तरी कुणी विचारलंच, तर ज्याला विचारलं त्याने तिथूनच मागे फिरायचं, घरी यायचं, पाय धुवायचे, घोटभर पाणी प्यायचं आणि विचारणाऱ्याजवळ थोडा वेळ बसायचं. मग पुन्हा निघायला हरकत नसे. पण कुणाचे पाय धुवून होईपर्यंत भरती थांबत नाही. माणूस परत किनाऱ्यावर जाईपर्यंत होडी गेलेली असायची. म्हणून पुरुष निघायच्या वेळी बायका दाराकडे पाठ करून काहीतरी निवडत बसत आणि पोरांना मीठ आणायला नाहीतर कोंबड्या हाकायला घराबाहेर पिटाळत. आमच्या घरात मीठ कधी कमी पडलं नाही, याचं कारण मी.

घर दोन खोल्यांचं, पुढे वाळूचं अंगण. अंगणात बांबूच्या आडव्या दांड्या बांधलेल्या आणि त्यांवर बोंबील वाळत घातलेले. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दांडीवर टाकायची. हे काम माझं होतं, आणि मी ते झोपेतसुद्धा केलं असतं. वास आम्हाला येत नसे. पाहुणे आले की त्यांच्या चेहऱ्यावरून तो आम्हाला कळायचा. समुद्राचा आवाजही तसाच, असून नसल्यासारखा. ऐकू यायचं ते आईचं हातावर भाकरी थापणं, शेजारच्या ओट्यावर जाळं विणणाऱ्या म्हाताऱ्यांचं खोकणं, आणि होड्या परत आल्या की किनाऱ्यावर उठणारा बायकांचा कालवा. ताज्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी, वर कैरीची फोड. बाबा घरी असले की मी दोन भाकऱ्या खायचे. नसले की अर्धी, तीही आई समोर बसली तर.

मी दहा-अकरा वर्षांची असताना बाबांची होडी दीड दिवस उशिरा आली होती. इंजिन बिघडलं होतं, एवढंच. दुसऱ्या एका होडीने ओढून आणलं. बाबा उतरले, हसले, आईने त्यांच्यावरून नारळ ओवाळून टाकला आणि दोन दिवसांत सगळे ते विसरले. माझ्या मात्र तेव्हापासून छातीत काहीतरी राहून गेलं. बाबा निघाले की हात गार पडायचे, जीभ टाळ्याला चिकटायची आणि श्वास अर्ध्यावर अडायचा. मग मी आईला विचारायचे, बाबा कधी येणार. आई म्हणायची, येतील परवा. ते ऐकलं की बरं वाटायचं, पण ते बरं वाटणं जेमतेम भात शिजेपर्यंत टिकायचं. मग पुन्हा विचारायचे. आईने उत्तर द्यायचं सोडलं की शेजारी जायचे, तिथे ओरडा बसला की पलीकडच्या घरात. आळीने माझं नाव ‘कधीबाय’ ठेवलं. मी फाटकाशी दिसले की बायका आपसांत म्हणायच्या, आली कधीबाय, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणायच्या, परवा येतील गो, परवा. त्यांना गंमत वाटायची. मलाही त्यांच्यासोबत हसावं लागायचं, आणि हसता हसता मी त्यातल्या कुणाचं ‘परवा’ जास्त खात्रीचं वाटतंय ते जोखत असायचे.

हे लिहिताना माझं वय बासष्ट आहे. चौतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाले आहे. तरी ‘परवा’ हा शब्द कुणी सहज उच्चारला की माझे कान टवकारतात.

मी तेरा वर्षांची असताना एके दिवशी आई तलासरीच्या आठवडी बाजाराला गेली होती. सुकी मासळी घेऊन ती पहाटेच निघायची आणि दिवेलागणीला परतायची. दुपारच्या भरतीला होड्या निघणार होत्या. मला मीठ आणायला धाडायला घरात कुणी नव्हतं. मी आपली आपणच मागच्या दाराने निघाले, तर बाबा म्हणाले, भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन किनाऱ्यापर्यंत चल. मला नवल वाटलं, कारण निघताना ते माझ्याकडे बघतसुद्धा नसत. पण बापाने बरोबर चल म्हटल्यावर कुठली मुलगी नाही म्हणेल? किनाऱ्यावर त्यांनी माझ्या हातून गाठोडं घेतलं आणि पाण्यात उतरले. होडीवर तिचा प्रमुख, दामू तांडेल, उभा होता, बाकीचे खलाशी चढले होते. बाबा घोटाभर पाण्यात गेले आणि मागे वळून बघितलं. गुडघाभर पाण्यात गेले आणि पुन्हा वळून बघितलं. मी दात आवळून उभी होते. तिसऱ्यांदा त्यांनी वळून बघितलं तेव्हा माझ्या तोंडून ते निसटलंच, आणि तेही इतक्या मोठ्याने की होडीवरच्या सगळ्यांनी ऐकलं.

“बाबा, कधी येणार?”

दामू तांडेल पाण्यात थुंकला. बाबा क्षणभर तसेच उभे राहिले, मग गाठोडं वर दुसऱ्याच्या हातात दिलं आणि पाणी कापत परत आले. माझ्या शेजारून गेले, मी मागोमाग. घरी येऊन त्यांनी पाय धुतले, पाणी प्यायले आणि माझ्याजवळ ओट्यावर बसले. तोवर इंजिनाचा आवाज दूर जाऊन विरला होता. ते मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला. मला त्या हाताचं ओझं झालं.

होडी तिसऱ्या दिवशी आली ती मासळीने काठोकाठ भरून. तिला काही झालं असतं तर आळीने मला देवी मानून माझ्यापुढे नारळ फोडले असते. होडी सुखरूप आली, वर भरघोस मासळी घेऊन, त्यामुळे मी अवदसा ठरले. दामू तांडेल माणूस वाईट नव्हता. तो स्वतः घरी आला, चहा घेतला आणि आईला म्हणाला की माझा माणूस मला हवाय, पण ही पोरगी इथे आहे तोवर त्याला होडीवर घेतला तर बाकीचे चढणार नाहीत. तिला कुठेतरी ठेवा, मग त्याची जागा आहेच. बाबा तिथेच जमिनीकडे बघत बसले होते. नको म्हणाले नाहीत. मी दाराआडून वाट बघत होते, की आता म्हणतील, आता म्हणतील.

आईची एक मानलेली बहीण झरीला होती, लाडकी मावशी. तलासरीच्या बाजारात वर्षानुवर्षं एकमेकींशेजारी बसून जुळलेलं हे नातं. आई तिला सुके बोंबील द्यायची, मावशी आईला नागली आणि उडीद. माझं बिऱ्हाड तिच्याकडे हललं. शाळा तलासरीला, मावशीच्या घरून पायी. डोंगराच्या कुशीत दहा-बारा घरांचा पाडा, कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, आणि शांतता. चिंचणीला असताना समुद्र कधी ऐकू आला नव्हता. झरीला आल्यावर तो नाही हे मला सतत ऐकू यायला लागलं. नागलीची भाकरी घशात फिरायची. पाड्यावरच्या पोरी मला वाईट वागवत नव्हत्या, पण माझ्या कपड्यांना मासळीचा वास येतो म्हणून अंतर ठेवून बसायच्या. मला तेव्हा पहिल्यांदा तो वास आला. मी माझाच फ्रॉक नाकाशी धरून रडायचे, म्हणजे वास यायचा म्हणून नव्हे, धुण्यागणिक तो कमी होत होता म्हणून.

पहिल्याच दिवशी मी मावशीला विचारलं, आई कधी येणार. मावशी उडीद पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं, विचार केला आणि म्हणाली, “मना नाय ठाव.” आणि पुन्हा पाखडायला लागली. मला वाटलं, ऐकलं नसेल. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, त्याच सुरात. संध्याकाळपर्यंत मी सात-आठ वेळा विचारलं असेल. मावशी वैतागली नाही, हसली नाही आणि परवा म्हणाली नाही. तिला खरंच ठाऊक नव्हतं आणि ठाऊक नसलेलं सांगायची तिला सवय नव्हती. मी घराबाहेर येऊन कुडाला टेकून बसले. श्वास अडला, हात गार पडले, वाटलं आता मरणार. कुणाच्या घरी जाऊन विचारणार? तशीच बसून राहिले. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की हाताला मुंग्या चावतायत आणि ते मला कळतंय. भीती आपली आपण ओसरली होती. कुणी काही न सांगता हे पहिल्यांदाच घडत होतं.

पीक दाण्यावर आलं की मावशी मला राखणीला बसवायची. शेतात चार खांबांवर माळा, त्यावर मी आणि एक रिकामा डबा. पोपटांचा थवा आला की डबा बडवायचा. दिवसच्या दिवस मी तिथे एकटी असायचे. आजही मला कुणी एकटेपणा म्हणजे काय विचारलं तर मला तो माळा आठवतो, आणि पश्चिमेकडे तोंड करून बसलेली मी. मधे डोंगर, पलीकडे कुठेतरी समुद्र, आणि त्याच्यावर माझे बाबा. त्यांच्यासाठी तर मी इथे बसले होते. महिन्यातून एकदा आई यायची, बोंबलांची जुडी घेऊन. पहिल्याच खेपेला मी विचारलं, बाबा होडीवर जातात ना? आईने जुडी सोडता सोडता सांगितलं की नाही गेले. दामू तांडेल दोनदा बोलवायला आला होता. बाबा म्हणाले, मन उडालं. आता तारापूरच्या एका कारखान्यात फाटकावर बसतात. आई पुढे एवढंच म्हणाली की एकदा फिरलेला माणूस पुन्हा पाण्यात उतरत नाही म्हणतात ते खरं. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

म्हणजे मला घालवलं ते ज्यासाठी, ते झालंच नाही. तरी मला परत नेलं नाही. दोन वर्षं मी झरीला राहिले आणि त्या दोन वर्षांत बाबा एकदाही आले नाहीत. मी मनात जमाखर्च मांडत बसले नाही. उत्तर सरळ होतं. मी एका प्रश्नाने त्यांचा दर्या तोडला होता आणि त्यांना माझं तोंड बघायचं नव्हतं.

मोठी झाले, शिक्षिका झाले, लग्न झालं, डहाणूला खोली केली. धडधड होतीच, फक्त तिने कारणं बदलली. शाळेची तपासणी, मुलाचा ताप, गॅसचं बटण. पस्तिशीत एकदा वर्गात फळ्यासमोर उभी असताना हात गार पडले आणि मी खाली बसले. हृदयाची तपासणी स्वच्छ निघाली. डहाणूच्या ज्या डॉक्टरीणबाईंकडे मला धाडलं, त्यांनी दीड तास माझं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की तुमचं हृदय ठणठणीत आहे, आजार भीतीचा आहे, आणि तो रक्तदाबासारखाच एक आजार आहे. तुमचा स्वभाव नाही आणि तुमचा गुन्हाही नाही. गोळ्या दिल्या, आणि काय करायचं तेही शिकवलं. ‘काही होणार नाही ना’ असं दहा जणांना विचारणं म्हणजे तहान लागल्यावर खारं पाणी पिणं आहे, त्या म्हणाल्या. विचारायचं नाही, भीतीसोबत बसायचं, ती आपण होऊन उतरते. मी त्यांना म्हटलं, हे मला लाडकी मावशीने तेराव्या वर्षी शिकवलं होतं, फक्त त्याला उपचार म्हणतात हे आम्हा दोघींना माहीत नव्हतं.

त्या रविवारी मी चिंचणीला जाऊन हे सगळं आईबाबांना सांगितलं. आईने डोळे पुसले आणि चहा टाकला. बाबा मात्र मला विचारत बसले. छातीत कसं होतं, घट्ट की धडधड? हात गार पडतात? वाटतं का, की आता वेड लागणार? मला तेव्हा एवढंच वाटलं की निदान आता तरी बाप माझी चौकशी करतोय. माणूस शाळेत शिकवतो म्हणून त्याला सगळं समजतं असं नाही.

गेली काही वर्षं तलासरीकडे जमीन हलते. लहान धक्के, पण पाड्यावरची माणसं घराबाहेर मांडव घालून राहिली. मावशी आता नाही, तिची नात मला फोन करते आणि विचारते, बाई, परत कधी होईल? मी तिला मावशीचंच उत्तर देते. फोन मात्र ठेवत नाही. तिचा श्वास सावकाश होईपर्यंत आम्ही दोघी नुसत्या फोन धरून बसतो.

हेच मी एकदा बाबांना सांगत होते. आई जाऊन तीन वर्षं झाली होती, बाबा पंच्याऐंशीच्या पुढचे. ओट्यावर बसले होते, मी त्यांची नखं कापत होते. जमीन हलते तेव्हा मावशीची नात कशी घाबरते ते मी सांगितलं. मग त्यांनी माझ्या हातातला हात सोडवून घेतला.

“सुमे,” ते म्हणाले, “तू विचारलंस म्हणून नाय फिरलो मी.”

मला आधी कळलंच नाही की ते कशाबद्दल बोलतायत.

“मी वाटच बघत होतो, तू कधी विचारतेस त्याची. म्हणून तर नेली तुला बरोबर.”

मग त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. इंजिन बंद पडलं त्या दीड दिवसात किनारा दिसत नव्हता आणि त्यांच्या छातीत पहिल्यांदा ते झालं. बाकीचे पत्ते खेळत होते. हे जाळ्यावर पालथे पडून होते, पोट दुखतंय म्हणून सांगून. त्यानंतर दर खेपेला व्हायचं. होडीवर पाय ठेवला की हात गार. तीन वर्षं त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. खलाशाने दर्याला भ्यायलो असं म्हणायचं तर मग मिशी ठेवायची कशाला? त्या दिवशी आई बाजारात होती, आणि सबंध आळीत आपल्याला मागे फिरवू शकेल असं एकच माणूस आहे हे त्यांना ठाऊक होतं. तीनदा वळून बघितलं, पोर विचारेना. आता चढावं लागणार, असं वाटलं आणि मी विचारलं.

आणि झरीला का आला नाहीत, मी विचारलं. माझा आवाज शाळेतला झाला होता. ते म्हणाले, “कुठल्या तोंडाने येऊ?”

मला राग आला. पुस्तकात लिहितात तसा समजूतदार राग नव्हे, चांगला सणसणीत. मी नेलकटर तिथेच टाकलं आणि निघून आले. एसटीत खिडकीशी बसून मी त्या तेरा वर्षांच्या मुलीसाठी रडले, माळ्यावरच्या, डबा धरून बसलेल्या. एवढी वर्षं तिच्याकडे बघायचीसुद्धा मला लाज वाटत होती. दोन रविवार मी चिंचणीला गेले नाही. गोळी घेतली, शाळेतल्या वह्या काढून फाडल्या, दोनदा भात करपवला. आणि तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी, धुणं वाळत घालताना, मला जाळ्यावर पालथा पडलेला एक पस्तिशीचा माणूस दिसला. त्याला ना लाडकी मावशी भेटली होती, ना डॉक्टरीणबाई. आम्ही दोघं एकाच दीड दिवसाचे आजारी होतो. तो तिथे आणि मी इथे. एका घरात राहून आम्ही दोघांनी एकच दुखणं एकमेकांपासून लपवलं होतं. राग गेला नाही. पण त्याच्या शेजारी बसायला थोडी जागा झाली.

तिसऱ्या रविवारी गेले. बाबांनी विचारलं नाही की इतके दिवस का आली नाहीस. शेजारच्या बाईने कालवण आणून ठेवलं होतं, ते आम्ही दोघं जेवलो. राहिलेल्या बोटांची नखं कापली. दामू तांडेलाची, आईची, कारखान्याच्या फाटकाची अशी इकडची तिकडची बोलणी झाली. त्या दिवसाचा विषय कुणी काढला नाही. शेवटची डहाणू गाडी कोपऱ्यावर उभी होती, कंडक्टरने घंटी मारलेली ऐकू आली. मी पिशवी खांद्याला लावली, चपला घातल्या आणि फाटकापर्यंत गेले. मागून आवाज आला, बारीक, घाबरलेला, आणि मी तो आवाज ओळखला, कारण पन्नास वर्षं तो माझा होता.

“सुमे, कधी येशील?”

मी चपला काढल्या. पिशवी खुंटीला लावली, मोरीत जाऊन पाय धुतले, माठातलं पाणी घोटभर प्यायले आणि त्यांच्याजवळ ओट्यावर येऊन बसले. गाडी गेली.